पांढऱ्या शीची दखल

नवजात अर्भकास कावीळ होणे ही गोष्ट आपल्या घरांतून इतकी परिचयाची झाली आहे की, कोवळ्या उन्हात धरले म्हणजे ती उतरते हा समज पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार चालत आला. आणि बहुतेक अर्भकांची कावीळ आपोआपच ओसरत असल्यामुळे तो कधी खोटाही पडत नाही, हीच त्यातली मेख आहे. परंतु 14 दिवस उलटूनही डोळ्यांतील पिवळी छटा हटत नसेल, तर ‘उतरेल हळूहळू’ असे म्हणण्याचा अधिकार आजीस नाही आणि डॉक्टरांस तर मुळीच नाही.

अशा वेळी रक्तातील एकंदर बिलिरुबिन मोजून स्वस्थ न बसता त्यातील ‘डायरेक्ट’ अंश किती, याची खातरजमा झालीच पाहिजे. यकृताने संस्कार करून पित्तात सोडावयाचे हे द्रव्य रक्तात डेसिलिटरमागे 1 मिलिग्रॅमहून अधिक साचले, तर एक तर यकृत आजारी आहे किंवा पित्ताची वाट अडली आहे. जंतुसंसर्ग, दूधच ज्यात विष ठरते तो गॅलॅक्टोसिमिया, थायरॉइडची उणीव असे नाना संशय मग तपासावे लागतात. पण ज्याची मुदत टळता कामा नये तो विकार म्हणजे पित्तनलिका बुजून जाण्याचा, बिलियरी अट्रेसिया. बाळ दूध पीत असते, प्रारंभी वजनही बरे भरते. वर्दी मिळते ती शाडूसारख्या पांढुरक्या शीवरून आणि लंगोटावर डाग पाडणाऱ्या पिवळ्याजर्द लघवीवरून. पित्तच आतड्यात उतरले नाही, तर शीला रंग यावा कोठून?

जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी 1950च्या दशकात आतड्याचे वेटोळे थेट यकृताच्या मुखाशी जोडण्याची शस्त्रक्रिया योजिली. ती 60 दिवसांच्या आत झाल्यास पित्त वाहू लागण्याची आशा अधिक. तरीही पुढे अनेकांना यकृतारोपण लागते, हे लपवू नये. आणि आपला सव्वा महिन्याचा शिरस्ता तर या मुदतीतील निम्म्याहून अधिक दिवस घराबाहेर न पडताच खर्ची घालतो!

तैवानने 2004पासून शीच्या रंगांचे पत्रक देशभर मातांच्या हाती दिले. जपानने 2012मध्ये ते माता-बाल आरोग्यपुस्तिकेत घातले. आपल्याकडे आशाताई 14व्या, 21व्या व 28व्या दिवशी बाळाला पाहण्यास घरी येतातच. त्यांच्या पिशवीत वजनकाट्यासोबत असे पत्रक असावे, आणि रंग फिका दिसताच बाळास त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात धाडण्याचा लेखी अधिकार त्यांना असावा, एवढी तजवीज आरोग्य खात्याने करावी. तीस ना नवी इमारत लागते, ना नवे यंत्र.