गोळी झेलणारे अण्णा आणि माणदेशाचे पाणी

लढाईत जखमी झालेल्या शिपायाचे पुढे काय होते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १९४१ साली बेळगावला महार पलटण उभी राहिली आणि सातारा-सांगलीकडची आपली कितीतरी पोरे तिच्यात गेली. परत आली तेव्हा कुणाच्या अंगावर जखमेचा व्रण होता, कुणाच्या हाती पेन्शनचे पुस्तक. पण गावात घर तेच, वस्ती तीच आणि पाणी भरायची रांगही तीच. शिपायाने रक्त सांडले, म्हणून गावाने त्याच्यासाठी पाणवठा मोकळा केला, असे सहसा घडले नाही.

आज आम्ही वाचकांपुढे एका वेगळ्या शिपायाची कहाणी ठेवीत आहोत. हा शिपाई सरकारी पलटणीतला नव्हे, सरकारविरुद्ध लढलेला. त्यानेही गोळी खाल्ली, तुरुंग पाहिला, पुढे आमदार झाला, कारखाना काढला. पण त्याची आठवण काढायची ती या कारणांसाठी नव्हे. कृष्णेच्या काठी, भरल्या पाण्यात जन्मलेला हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर माण, खटाव, आटपाडी, जतच्या कोरड्या रानातल्या माणसांसाठी रस्त्यावर उतरला. त्याचे नाव क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी.

अण्णांचा जन्म १५ जुलै १९२२ चा, वाळव्याचा. हे गाव कृष्णाकाठचे. १९४२ च्या चळवळीत ते ओढले गेले आणि नाना पाटलांच्या प्रतिसरकारात शिरले. या सरकारला लोक ‘पत्री सरकार’ म्हणत. १९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यातल्या अनेक गावांत इंग्रजांचा हुकूम चालेनासा झाला होता. तंटे गावातच सुटत, लग्ने साधेपणाने लावली जात आणि सावकार-गुंडांना धाक बसला होता. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा सातारा जिल्ह्यातच होता.

१४ एप्रिल १९४४ रोजी या मंडळींनी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम होती. त्या कामात जी. डी. बापू लाड होते, तसे अण्णाही होते. त्याच साली पोलिसांच्या गोळीने अण्णा जखमी झाले, पकडले गेले आणि साताऱ्याच्या तुरुंगात गेले. पण तुरुंगाने त्यांना फार दिवस ठेवले नाही. १० सप्टेंबर १९४४ रोजी ते तट ओलांडून निसटले आणि पुन्हा भूमिगत झाले. पुढे २५ फेब्रुवारी १९४५ रोजी शिराळ्याच्या डोंगरी भागात मणदूरजवळ पोलिसांशी चकमक झाली. तीत त्यांचे सोबती किसन अहिर आणि आझाद हिंद सेनेतून आलेले नानकसिंग हुतात्मा झाले. अण्णा वाचले. आपल्या शेजारी उभा असलेला माणूस पडला आणि आपण उरलो, ही गोष्ट त्यांनी जन्मभर विसरली नाही. त्यांच्या शाळेला किसन अहिरांचे नाव आहे आणि साखर कारखान्यालाही.

येथे एखादा जाणता वाचक आम्हाला अडवील. तो म्हणेल, १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि आपली माणसे पलटणीत होती. मग भूमिगतांचे कौतुक आपण का करावे? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांचा सवाल होता की, इंग्रज गेल्यावर सत्ता कुणाच्या हाती जाणार आणि अस्पृश्याच्या वाट्याला काय येणार? त्या सवालाला बेचाळीसच्या चळवळीने सरळ उत्तर दिले नव्हते. म्हणूनच आम्ही म्हणतो की, त्या चळवळीतल्या माणसाची परीक्षा त्याच्या गोळीवरून करू नका. स्वातंत्र्य मिळाल्यावर तो कुणाच्या बाजूने उभा राहिला, यावरून करा.

याच जिल्ह्यातले आणखी एक उदाहरण घ्या. वसंतदादा पाटलांनी २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडला. त्यात त्यांचे दोन सोबती, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव, प्राणास मुकले. दादांच्या खांद्याला गोळी लागली. सातवीपर्यंत शिकलेला हा माणूस पुढे राज्याचा मुख्यमंत्री झाला. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही हाक लोक त्यांच्याच नावे सांगतात. विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांची दारे उघडली ती त्यांच्याच काळात, १९८३ साली. त्या दारातून गरिबाचे पोर किती आत गेले आणि फीच्या पाटीपाशी किती अडले, याचा हिशेब आपल्या घराघरांत आहे. एकाच मातीतले, गोळी झेललेले हे दोघे. एक सत्तेच्या खुर्चीपर्यंत गेला, दुसरा बहुतेक आयुष्य खुर्चीच्या बाहेर राहिला.

अण्णाही निवडणुकीत उतरले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते आमदार झाले. त्याच निवडणुकीत समितीबरोबर आपले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होते. दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर गेले आणि नाना पाटील साताऱ्याहून. पुढे १९८५ साली अण्णा पुन्हा वाळव्यातून निवडून आले. पण आमदारकी हे त्यांचे घर झाले नाही. शाळा, वसतिगृहे, १९८४ च्या सुमारास सुरू झालेला साखर कारखाना, धरणग्रस्तांचे लढे, यांत ते रमले. वारणा-कोयनेच्या धरणांखाली ज्यांची घरे गेली, त्या माणसांना जमीन मिळावी म्हणून ते भांडले. कारखाना काढला की पुढारी मोटारीतून खाली उतरत नाही, असा आपला अनुभव आहे. अण्णा मात्र साध्या कपड्यांत, साध्या राहणीत शेवटपर्यंत राहिले.

आता माणदेशाकडे येऊ. माण नदी माण तालुक्यातच, कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे पंढरपूरकडे भीमेला मिळते. नदीचे नाव आहे, पण वर्षातले बरेच महिने पात्रात वाळूच. सह्याद्रीचा पाऊस पश्चिमेला महाबळेश्वर, कोयनेला कोसळतो आणि पूर्वेला दहिवडी, म्हसवड, आटपाडीला येईपर्यंत ढग रिकामे होतात. म्हणून तर माणदेशी माणूस मेंढरे घेऊन बाहेर पडला, ऊसतोडीला गेला, मुंबईच्या गिरण्या-गोद्यांत गेला. आपल्या वस्त्यांतून तर जास्तच, कारण ज्याला जमीन नाही त्याला दुष्काळ आधी गाठतो.

बाबासाहेबांच्या बालपणाची एक आठवण याच मुलखातली आहे. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. तेथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदायला काढला होता. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच गाडीवान गाडीत बसवून न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकीत ती निघाली. बरोबर जेवण होते, पण रात्रभर पाण्याचा घोट मिळाला नाही. वाचकांनो, हे नीट ध्यानात घ्या. बाप दुष्काळी तलावाच्या कामावर हिशेब ठेवतो आहे आणि त्याच वाटेवर त्याची लेकरे तहानलेली आहेत. दुष्काळ दोन असतात, एक आभाळाचा आणि एक माणसाने केलेला. पहिल्यावर तलाव हा इलाज आहे. दुसऱ्यावर १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर इलाज सुरू झाला.

नागनाथअण्णांचे मोठेपण आम्हाला येथे दिसते. १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरू लागल्या. सांगली, सातारा, सोलापूरचे तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले. अण्णांच्या जोडीला डॉ. भारत पाटणकर होते आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. पाटणकरांच्या पत्नी डॉ. गेल ऑमव्हेट यांनी फुले-आंबेडकरी चळवळीवर आणि बौद्ध धम्मावर केलेले लिखाण आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. अण्णांचे वय तेव्हा एकाहत्तर. वाळव्याला कृष्णा दाराशी वाहते. त्यांना पाण्यासाठी कुणाच्या दारात जायची गरज नव्हती.

लढ्याला घाईही होती. कृष्णेच्या पाण्याचा बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ सालचा. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आले. ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल, असेही त्यात होते. म्हणजे तोवर आपले पाणी अडवले नाही, तर हक्काचे पाणी हातचे जाण्याची भीती. लोक मोर्चे काढीत राहिले, धरणे धरीत राहिले. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले. टेंभू योजनेचे काम त्याच सुमारास सुरू झाले. ताकारी, म्हैसाळच्या रखडलेल्या योजनांना जोर आला. टेंभूचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्याने पंपांनी चढवीत आटपाडी, सांगोल्याकडे नेतात. माण-खटावसाठी उरमोडीचे आणि जिहे-कठापूर योजनेचे पाणी. ही कामे एका माणसाची नव्हेत आणि एका सरकारचीही नव्हेत. पण मागणी मेली नाही ती परिषदांना शिदोरी बांधून येणाऱ्या बायाबापड्यांमुळे, आणि त्यांच्यापुढे बसलेल्या म्हाताऱ्या अण्णांमुळे.

त्याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. या चळवळीने नुसते पाणी मागितले नाही, समान पाणी मागितले. पाणी जमिनीला नव्हे, माणसाला. प्रत्येक कुटुंबाला सारखे, ज्याला जमीन नाही त्यालाही. हे स्वप्न हवेतले नव्हते. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधले, त्यात भूमिहीनांचाही पाण्यावर हिस्सा धरला गेला. आटपाडी तालुक्यासाठी बंद नळातून समन्यायी वाटपाची योजना मांडली गेली, ती याच विचारातून. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि नंतर १९६४ मध्ये भूमिहीनांसाठी जमिनीचा सत्याग्रह केला. समान पाण्याची मागणी ही आम्हाला त्या सत्याग्रहाचीच पुढची पायरी वाटते.

पण भाबडे राहून चालणार नाही. पाणी आले त्या रानांत ऊस उभा राहिला. डाळिंब-द्राक्षांच्या बागा आल्या. चांगलेच झाले. मात्र पाणी पाटातून जाते ते ज्याचा सातबारा आहे त्याच्या शेतात. २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्याने पाणी वापर संस्था झाल्या, त्यात सभासद होतो तो जमीनधारक. भूमिहीन माणूस अजून बांधावरच उभा आहे. पूर्वी त्याला जातीने पाणवठ्यापासून दूर ठेवले, आता सातबाऱ्याने दूर ठेवले आहे. अण्णांचा लढा जिंकला असे कोणी भाषणात सांगेल, तर त्याला हे विचारा.

आमच्या माताभगिनींना आणि तरुणांना आमचे सांगणे आहे. ज्यांच्याकडे वतनाचा, इनामाचा तुकडा उरला आहे, त्यांनी कालवा येतो अशी आवई उठताच दलालाच्या मूठभर पैशांना भुलून तो विकू नये. सातबाऱ्यावर घरातल्या बाईचे नाव लावून घ्यावे. गावात पाणी वापर संस्था असेल, तर तिच्या सभेला जावे, सभासद असाल तर बोलावे, नसाल तर आपल्याला हिस्सा का नाही हे ग्रामसभेत विचारावे. आणि पोरांना सांगावे की, हे पाणी कुणाच्या मेहेरबानीने आलेले नाही.

नागनाथअण्णांना २००९ साली पद्मभूषण मिळाले. २२ मार्च २०१२ रोजी ते गेले. तो दिवस जगभर जलदिन म्हणून पाळतात. योगायोगाला आम्ही फार किंमत देत नाही. पण त्या दिवशी हंड्यापाशी उभ्या असलेल्या आपल्या लेकीला दोन गोष्टी जरूर सांगाव्यात: मसूरच्या वाटेवरच्या तहानलेल्या मुलाची, आणि अंगावर गोळीची खूण घेऊन दुसऱ्याच्या तहानेसाठी म्हातारपण झिजवणाऱ्या या शिपायाची. पदके आणि पदव्या कपाटात राहतात. शिपायाची जखम खरी भरते ती त्याने मागितलेला न्याय शेवटच्या घरापर्यंत पोचतो तेव्हा. माणदेशात शेवटचे घर अजून बाकी आहे.

जयभीम!