स्थिर आहे, पण कशात?

पेलाभर दुधात लिंबू पिळा. पाहता पाहता दूध फाटेल. आता सांगा, दूध स्थिर की अस्थिर? तुम्ही म्हणाल, "सर, लिंबू पिळण्यापूर्वी स्थिर, नंतर अस्थिर." उत्तर बरोबर आहे. दुधातील केसीनच्या कणांवर ऋण विद्युत् भार असतो व तो त्यांना एकमेकांपासून दूर ठेवण्यास मदत करतो. लिंबाच्या अम्लाने दुधाचा सामू, म्हणजेच पीएच मूल्य, ४.६ च्या जवळ आला की हा भार उरत नाही आणि कण एकमेकांना चिकटतात. तेव्हा स्थिरता हा एकट्या कणाचा गुण नव्हे. कण आणि भोवतालचा द्रव या जोडीचा तो गुण आहे.

औषधे वाहून नेणाऱ्या सूक्ष्म कणांविषयी बोलताना मात्र ही गोष्ट सहज विसरली जाते. कायटोसनचेच पाहा. कोळंबी, खेकडे यांच्या कवचातील कायटिनवर तीव्र अल्कलीची क्रिया केली की कायटोसन हे बहुवारिक मिळते. सौम्य ॲसेटिक अम्लात ते विरघळते, कारण त्याच्या लांब साखळीवरील अमिनो गट तेथे धनभारित होतात. या द्रावणात सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले, तर ऋणभारित आयन साखळ्यांना जागोजागी टाके घालतात आणि जेलचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. १९९७ साली स्पेनमधील सान्तियागो द कॉम्पोस्तेला विद्यापीठातील मारिया होसे अलोन्सो व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कण बनवण्याची रीत प्रसिद्ध केली. तीत उष्णता लागत नाही, विषारी द्रावक लागत नाही. म्हणून इन्शुलिनसारखे नाजूक प्रथिनही त्या कणांत भरता येते.

परंतु हे टाके केवळ विद्युत् आकर्षणाचे आहेत. जठरातील तीव्र अम्लात ट्रायपॉलिफॉस्फेटचा ऋण भार घटतो व टाके उसवतात. उलट रक्ताचा सामू ७.४ असतो, आणि ६.५ च्या वर कायटोसनचाच बहुतेक धन भार नाहीसा होतो. मग कणांचे पुंजके होऊ लागतात. त्यात मिठाची भर! पाण्यातील आयन भारांना झाकून टाकतात. अगदी विरल, लिटरमागे एक सहस्रांश मोल मिठाच्या द्रावणात एखाद्या भाराचा प्रभाव सुमारे १० नॅनोमीटरपर्यंत जाणवतो. रक्ताइतक्या खारट द्रावणात तो १ नॅनोमीटरच्या आतच मावळतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ऊर्ध्वपातित पाण्यात महिनाभर टिकलेल्या कणांना नुसते 'स्थिर' म्हणणे हे अर्धसत्य आहे. कोणत्या द्रवात, किती सामूला, किती क्षारात, किती तापमानाला आणि किती वेळ, हे सांगितल्यावाचून तो शब्द लिहूच नये. हा शब्दच्छल नव्हे. कण वाटेतच फुटला तर औषध भलत्या ठिकाणी सांडेल. रक्तात पुंजके झाले तर ५ ते १० मायक्रोमीटर रुंदीच्या केशवाहिन्यांत ते अडकण्याचा धोका आहे.

कोणी म्हणेल, मग कण पक्क्या रासायनिक बंधांनीच का जखडू नयेत? तसे करता येते; पण त्यासाठी वापरले जाणारे ग्लुटारल्डिहाइडसारखे पदार्थ विषारी आहेत. शिवाय जो कण कधीच सैल होत नाही तो औषध सोडणार तरी कसा? आपल्याला अभेद्य कण नको आहे. योग्य जागी, योग्य वेळी उसवणारा हवा आहे.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. प्रयोगवहीत 'पदार्थ स्थिर आहे' असे वाक्य दिसले की त्याखाली लाल शाईने लिहा, "कशात? किती वेळ?" ही सवय शाळेत लागली, तर तुमच्यापैकी जो विद्यार्थी उद्या औषधे तयार करील, तो हे दोन प्रश्न रोग्यापर्यंत पोहोचण्याआधीच स्वतःला विचारील.