नकाशावर किती आणि चालायला किती?

फ्लॅटची जाहिरात बघा, जेवण मागवायचं ॲप बघा, नाहीतर लग्न जुळवायची साइट बघा. सगळीकडे "तुमच्यापासून २.१ किमी" असं काहीतरी लिहिलेलं असतंच. आता हे २.१ किमी नक्की कुठलं, हे आपण कधी विचारत नाही. मला वाटतं विचारायला हवं. आणि हे आकडे काढणारा कोड ज्यांच्या हातून जातो त्या आपल्यासारख्यांनी तर सगळ्यात आधी.

थोडं गणित करू. घाबरू नका, सूत्र एकच आहे :) दोन बिंदूंचे निर्देशक घ्या. आडवा फरक काढा, उभा फरक काढा, दोघांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. झालं. काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणजे आपला जुना पायथागोरसच.

खरं उदाहरण घेऊ. गेटवे ऑफ इंडिया साधारण १८.९२ उत्तर, ७२.८३ पूर्व. मांडवा साधारण १८.८० उत्तर, ७२.८८ पूर्व. फरक ०.१२ आणि ०.०५, कर्ण बरोब्बर ०.१३. (५-१२-१३ चं त्रिकूट समुद्रात सापडेल असं वाटलं नव्हतं!) पण ०.१३ काय? तर अंश. आणि अंश म्हणजे अंतर नव्हे. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किमी असतो. रेखांशाचा अंश मात्र उत्तरेकडे जाऊ तसा आक्रसत जातो. मुंबईत तो १०५ किमीच्या आसपास, लेहला ९२, लंडनला जेमतेम ६९. म्हणून आधी दोन्ही फरक किलोमीटरमध्ये आणायचे, १३.३ आणि ५.३, आणि मग कर्ण काढायचा: साधारण १४ किमी. निर्देशकांना दोनच दशांश स्थळं घेतलीत, त्यामुळे किलोमीटरभर इकडेतिकडे होणारच. मुंबई-दिल्लीसारख्या अंतराला पृथ्वीची गोलाईही धरावी लागते, त्याचं सूत्र वेगळं. एका शहरापुरता पायथागोरस पुरतो.

तर १४ किमी. बोटीत बसलात तर हा आकडा कामाचा. गाडीने निघालात तर पनवेल, पेण करत अख्ख्या बंदराला वळसा, शंभरच्या घरात किलोमीटर. २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यावर ते थोडं कमी झालं, तरी १४ च्या जवळपासही नाही.

पण म्हणून सरळ रेषेतलं अंतर निरुपयोगी, असं मी म्हणत नाहीये. त्याचा एक गुण फार मोलाचा आहे: प्रत्यक्ष रस्ता त्याच्याहून कमी कधीच असू शकत नाही. सरळ अंतर १.२ किमी आलं, तर चालत १ किमीच्या आत पोचणं अशक्य. उलटं मात्र खरं नाही. सरळ अंतर ८०० मीटर आलं म्हणजे चालायलाही ८०० च, असं अजिबात नाही. थोडक्यात, हा आकडा "नाही" म्हणतो तेव्हा डोळे मिटून विश्वास ठेवावा, "हो" म्हणतो तेव्हा ठेवू नये.

जेवण दहा मिनिटं उशिरा आलं तर फारसं बिघडत नाही. शाळेच्या प्रवेशात बिघडतं. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी आपल्याकडे ऑनलाइन अर्ज भरताना घराची जागा नकाशावर खूण करून द्यावी लागते, आणि १ किमीच्या आतल्या मुलांना प्राधान्य असतं. आता वारज्याला किंवा बावधनला बायपासच्या अलीकडे घर आणि पलीकडे शाळा, असं चित्र डोळ्यासमोर आणा. हवेतून ७०० मीटर. सहा वर्षांच्या पोराला मात्र भुयारी मार्ग गाठून, सर्व्हिस रोडवरून वळसा घेऊन जायचंय. आणि बायपासच्या याच बाजूला, सरळ रस्त्यावर ९५० मीटरवर दुसरं पोर आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी १ किमी "चालण्याचं" अंतर असे शब्द आहेत. अवघड भूभाग, पूर, रस्ता नसणं, वाटेत धोका असणं यांचाही विचार तिथे केलाय. नियम लिहिणाऱ्याला हे कळलं होतं! कोड लिहिताना मात्र शाळेभोवती वर्तुळ काढून मोकळं व्हायचा मोह होतो. एका ओळीत काम होतं, रस्त्यांचा डेटा लागत नाही आणि पैसे पडत नाहीत.

याच्या बरोब्बर उलट गंमत दारूच्या दुकानांची. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा आदेश दिला. एप्रिल २०१७ मध्ये केरळात नॉर्थ परवूरच्या एका बारवाल्याने काय करावं? बार जागचा हलवला नाही. दारापर्यंत जायची वाट भुलभुलैयासारखी वळणावळणाची बांधली आणि चालत अंतर ५०० च्या वर नेलं. मोजणी चालण्याच्या अंतराने होत होती ना! इथे खरं तर सरळ रेषाच हवी होती.

म्हणजे माझं म्हणणं असं, की "जवळ असलं पाहिजे" असा नियम असेल तर चालत मोजा, आणि "लांब असलं पाहिजे" असा असेल तर सरळ रेषेत मोजा. आपला १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट (कलम ११) सांगतो की केंद्रीय कायद्यातलं अंतर, वेगळा हेतू दिसत नसेल तर, आडव्या पातळीवर सरळ रेषेत मोजावं. पायथागोरस थेट कायद्यात! पण "वेगळा हेतू दिसत नसेल तर" हेही तिथेच लिहिलंय, आणि "चालण्याचं अंतर" याहून स्पष्ट हेतू कुठला असणार?

खर्चाचं रडगाणं मला पटत नाही. आधी वर्तुळ काढा, बाहेरचे सगळे तिथेच गळतील. उरलेल्यांसाठीच रस्त्याचं अंतर काढा. राहता राहिला वाद घालण्यासारखा एकच आक्षेप: सरळ अंतर बदलत नाही, कुणीही कॅल्क्युलेटरवर तपासू शकतो, आणि रस्ते तर रोज बदलतात. बरोबर आहे. मग अर्जावर छापा ना, की अमुक तारखेच्या नकाशावरून, अमुक वाटेने मोजलं, आणि ती वाट पालकांना दाखवा. पुढच्या वर्षी बायपासखालून नवा भुयारी मार्ग झाला आणि ते पलीकडचं पोर १ किमीच्या आत आलं, तर येऊ दे की.