ती टाळत नाही, तिला दुखते

निकाहला दीड वर्ष झाले, अजून संबंध होऊ शकलेला नाही. प्रयत्न केला की आत भिंत असल्यासारखे वाटते आणि आग होते, असे रावेरच्या एका बहिणीने लिहिले आहे. सासूने ताबीज आणून बांधला. एका दवाखान्यात ‘मन घट्ट कर, सगळ्यांचे असेच असते’ एवढे सांगून परत पाठवले. आता घरात दुसऱ्या निकाहची कुजबुज आहे. असे पत्र हे पहिले नाही, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी देत आहे.

बहीण, हा तुमचा हट्ट नाही. योनिमार्गाभोवती स्नायूंचा पट्टा असतो. लघवी रोखताना आपण जो आवळतो, तोच. डोळ्याजवळ बोट आले की पापणी आपोआप मिटते, तसे काही बायकांचे हे स्नायू नुसत्या भीतीनेही आवळले जातात. ते इच्छेने होत नाही, म्हणून कुणी रागावून ‘सैल सोड’ म्हटल्याने सुटतही नाही. डॉक्टर याला व्हजायनिस्मस म्हणतात. हे नाव सिम्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1861 मध्ये दिले. त्याचा उपाय होता कापण्याचा, आणि नंतर आत काचेची नळी ठेवण्याचा. कापणे मागे पडले. नळीची सुधारलेली रूपे राहिली. त्यांनाच डायलेटर म्हणतात. ‘पडदा कापून घ्या, मोकळे होईल’ असा सल्ला आजही मिळतो. पडद्यातच दोष असेल, तर गोष्ट वेगळी. पण आवळलेला स्नायू त्याने सुटत नाही.

आधी तपासणी हवीच. जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिऑसिस, बाळंतपणातले टाके, पाळी जाण्याच्या वयातला कोरडेपणा, यांनीही दुखते आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. लेडी डॉक्टर मागता येते. ‘मला दुखते, थांबा म्हटले की थांबा’ हे आधीच सांगावे. पहिल्याच दिवशी आतून तपासून घ्यायलाच हवे असे नाही.

डायलेटर म्हणजे गुळगुळीत, गोल टोकाच्या कांड्यांचा संच, प्लास्टिकचा किंवा सिलिकॉनचा. सर्वांत लहान साधारण करंगळीएवढा, मग एकेक मोठा. त्यांचे काम ताणून मोठे करण्याचे नाही. शरीराला ‘आत काही आले तरी दुखत नाही’ ही सवय लावायची असते. हात साबणाने धुवावेत, डायलेटरही. पाठीवर पडून गुडघे वाकवावेत, काही मिनिटे पोटातून सावकाश श्वास घ्यावा. मेडिकलमध्ये मिळणारी पाण्यावर आधारित जेली भरपूर लावावी. श्वास सोडताना टोक हळूच, पाठीच्या दिशेने आत न्यावे. ताण वाटला तर थांबून श्वास घ्यावा. झोंबले किंवा टोचले तर बाहेर काढावे. साधारण 5 ते 10 मिनिटे, आठवड्यातून तीन-चार वेळा. एक कांडी सहज जाऊ लागली की पुढची. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला महिने. सोबत फिजिओथेरपिस्टची मदत मिळाली तर उत्तम. गरोदरपणात, संसर्ग असताना, टाके ओले असताना किंवा कारण न कळता रक्त जात असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

घरात दहा माणसे आणि कडी लागणारे दार एकच, ही अडचण पुस्तकात लिहिलेली नसते. वेळ ठरवून घ्यावी लागते. रमजानमध्ये सराव इफ्तारनंतर ठेवावा, म्हणजे रोज्याविषयी मनात शंकाच राहत नाही.

शौहरसाठी दोन शब्द. सराव चालू असेपर्यंत संबंधाचा प्रयत्न थांबवा. जबरदस्तीने एकदा दुखले की स्नायू ते लक्षात ठेवतात आणि महिन्याची मेहनत वाया जाते. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी 1970 मध्ये मांडलेल्या उपचारात पतीलाही सोबत घेतले होते. दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. पुढे पहिला प्रयत्न होईल तेव्हा वेग आणि थांबणे तिच्या हाती असू द्या. आणि मूल झाले नाही म्हणून तिला नावे ठेवणाऱ्यांना घरातूनच उत्तर मिळाले पाहिजे. ते सुनेने द्यायचे नाही, मुलाने द्यायचे.

वयस्क बहिणींसाठीही हा विषय आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडिएशन घेतल्यानंतर योनिमार्ग आकसतो, कधी आतले पदर एकमेकांना चिकटतात. मग संबंधच नव्हे, पुढची तपासणीही अवघड होते. म्हणून रेडिएशन संपल्यावर, आतली सूज उतरली की, डायलेटर सुचवले जातात. विधवा असो की सत्तरीची, तपासणीसाठी तरी मार्ग मोकळा राहायला हवा. खानदेशातून उपचारासाठी अनेक जणी मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये जातात. डॉक्टरांसमोर हा प्रश्न विचारायला जीभ रेटत नसेल तर नर्सबाईंना विचारा, पण सुट्टी मिळायच्या आत विचारा. भुसावळला गाडीतून उतरल्यावर विचारायला जवळ कुणी नसते.