कायदा म्हणतो लॉग ठेवा, पण तुमचा कोड तो नीट लिहितोय का?

"नोंद ठेवा" हा सरकारचा आग्रह गेल्या काही वर्षांत चांगलाच वाढलाय. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की सिस्टिमचे लॉग १८० दिवस जपून ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला. कोणत्या नोंदीत कधी काय बदललं, ते त्यात दिसलं पाहिजे आणि ही सोय बंद करता येता कामा नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये डिजिटल डेटा संरक्षणाचे नियम आले. त्यात लॉग एक वर्ष ठेवायला सांगितलंय. ही तरतूद १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होईल.

चर्चा मुदतीची आणि दंडाची होते. पण हा लॉग शेवटी लिहितो कोण? बऱ्याच छोट्या कंपन्यांत एखादी पायथन स्क्रिप्ट. आणि तिच्यातल्या एका अक्षरावर सगळं अवलंबून असतं.

'डब्ल्यू' की 'ए'?

पायथनमध्ये लिहिण्यासाठी फाइल उघडताना मोड सांगावा लागतो. 'डब्ल्यू' म्हणजे राइट, 'ए' म्हणजे अ‍ॅपेंड. 'डब्ल्यू'ने फाइल उघडली की जुना मजकूर त्याच क्षणी जातो, तुम्ही पुढे काही लिहा अगर लिहू नका. 'ए' मोडमध्ये जुनं तसंच राहतं आणि नवीन मजकूर शेवटी जोडला जातो. फाइल नसेल तर दोन्ही मोड ती तयार करतात, त्यामुळे पहिल्या टेस्टमध्ये फरक कळतच नाही.

मी हे अनुभवातून शिकलो. पहिल्या नोकरीत फेल झालेल्या पेमेंटची नोंद करणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. ती दर तासाला चालायची. एका ग्राहकाची तक्रार आली, आठवडाभरापूर्वीच्या व्यवहाराची. फाइल उघडली तर आत फक्त शेवटच्या तासाच्या नोंदी. मी 'डब्ल्यू' लिहिलं होतं. तो माणूस खरं बोलत होता की नाही, हे सांगायला आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

सातबारा आठवा. जुन्या मालकाचं नाव कोणी खोडरबरने पुसत नाही. त्याला कंस करतात, आणि बदलाची नोंद फेरफार क्रमांकासह होते. लॉगही तसाच हवा.

एक नोंद, एक ओळ

दुसरी चूक ओळीची. 'राइट' फंक्शन स्वतःहून नवी ओळ सुरू करत नाही. प्रत्येक नोंदीच्या शेवटी बॅकस्लॅश एन तुम्हालाच द्यावा लागतो, नाहीतर सगळ्या नोंदी एकमेकींना चिकटतात. 'राइटलाइन्स' हे नाव फसवं आहे, तेही ओळ बदलत नाही. 'प्रिंट'ला फाइल दिली तर मात्र तो आपोआप ओळ बदलतो. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या, नाहीतर विंडोजवर मराठी नाव आलं की एरर येऊ शकते.

आता खरी गंमत. समजा, युजरने लॉगिनच्या नावातच नवी ओळ घुसवली. तुमच्या फाइलमध्ये असं दिसेल:

१०:४१ लॉगिन फेल: सागर
१०:४२ लॉगिन यशस्वी: अ‍ॅडमिन

दुसरी ओळ तुमच्या प्रोग्रामने नोंदवलेलीच नाही. ती त्या युजरने "नाव" म्हणून टाइप केली! याला लॉग इंजेक्शन म्हणतात. पायथनचं 'लॉगिंग' मॉड्यूल फाइल 'ए' मोडमध्येच उघडतं, पण मजकुरातली नवी ओळ तेही थांबवत नाही. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक नोंद जेसनमध्ये बदलून लिहा. जेसनमध्ये मजकुरातली नवी ओळ बॅकस्लॅश आणि एन अशा दोन साध्या अक्षरांत बदलते, त्यामुळे एक नोंद एकाच ओळीत राहते.

मग लॉगवर विश्वास ठेवायचा?

इथे एक गैरसमज दूर करू. 'ए' मोड तुमच्या प्रोग्रामला शिस्त लावतो, माणसाला नाही. फाइलवर लिहायची परवानगी असलेला कोणीही ती नोटपॅडमध्ये उघडून ओळ उडवू शकतो. म्हणून लॉगची प्रत लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवा, आणि तिथला अ‍ॅक्सेस वेगळ्या माणसाकडे द्या. लिनक्सवर फाइलला फक्त अ‍ॅपेंडची परवानगी देता येते. तीही रूट युजर काढू शकतो, पण निदान चुकून पुसलं जाणं टळतं.

नियम पाळलाय हे दाखवायला १८० दिवसांच्या फाइल्स पुरतील. पण उद्या कोणाच्या खात्यातून पैसे गेले, तर त्याला फाइल्सची संख्या नकोय. त्याला त्याची ती एक ओळ हवीय. आजच तुमच्या प्रोजेक्टमध्ये 'ओपन' शोधा आणि मोड तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.