पंप लावला, पुढे?

'एवढे यंत्र लावले आहे ना, मग घ्या की अजून एक पुरणपोळी!' कमरेला इन्सुलिनचा पंप आला तेव्हापासून हा आग्रह मी दर सणाला ऐकते. आग्रहात माया असते, पण समजूत चुकीची. पंप काही ताटातली पोळी मोजत नाही. तिच्यातल्या पिठागुळाचा हिशेब मीच करायचा, आकडा मीच भरायचा. साखर पाहून इन्सुलिन आपोआप कमीजास्त करणारे पंप २०१६ नंतर आले खरे. पण जेवणाची वर्दी त्यांनाही द्यावी लागते.

माझा मधुमेह टाइप १. गोड खाऊन आलेला नव्हे (हे अजून किती वेळा सांगायचे?). शरीराच्या संरक्षक यंत्रणेनेच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केल्या. पंपामुळे रोजची चार-पाच इंजेक्शने सुटली. पहाटे साखर चढते, तर तेवढ्या तासांपुरते इन्सुलिन वाढवता येते. पण पंपात असते ते झटपट संपणारे इन्सुलिन. रात्री पोटावरची नळी मुडपली, तर काही तासांत साखर भडकते, रक्तात कीटोन साचू लागतात. म्हणून नळी दर दोन-तीन दिवसांनी बदलायची आणि इन्सुलिनचे पेन कायम पर्समध्ये.

किंमत लाखांत, वर नळ्यांचा खर्च जन्माचा. 'मुलासाठी दागिने मोडून घेऊ का?' असे आईबाप विचारतात. माझे मत स्पष्ट आहे : आधी साखर तपासायच्या पट्ट्या. त्याच पुरेशा परवडत नसतील, तर पंपात कोणता आकडा भरणार? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात, साखर काबूत ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतूंची हानी टळते किंवा लांबते, हे दिसले. त्यातल्या काहींकडे पंप होता, काहींनी इंजेक्शनांवरच ते साधले होते. सरकारी दवाखान्यांतूनही या मुलांना इन्सुलिनच्या जोडीला पुरेशा पट्ट्या मिळाल्या पाहिजेत.

राग येतो तो एका वेगळ्याच सल्ल्याचा. मुलगी पाहायला मंडळी येणार म्हटले, की घरचेच सांगतात, 'तेवढा वेळ पंप काढून ठेव.' पंप काढला म्हणजे इन्सुलिन थांबले, आणि समोर पोह्यांची बशी! मी अशा मुलींना सांगते, तो साडीवर दिसेल असाच लाव. पाहून कोणाला उठून जावेसे वाटले, तर पोहे निवायच्या आत जाऊ दे.