दिसतच नाही, तर शिकायचं कसं?

"सगळ्यांना सगळं दाखवलं तर लोक गोंधळतात," असं सॉफ्टवेअर बनवणारे माझे मित्र सांगतात. म्हणून प्रोग्रॅम चालू असताना मेनू बदलायचा, लागेल तेवढंच दाखवायचं आणि बाकीचं गायब करायचं. ऐकायला ठीक वाटतं. पण हा 'गोंधळणारा' माणूस नेमका कोण, हे ते सांगत नाहीत.

उर्दूचं उदाहरण घ्या. वर्डमध्ये परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करणारं बटण आहे. पण उर्दू किंवा अरबीसारखी भाषा सेटिंगमध्ये जोडलेली नसेल, तर ते सहसा दिसतच नाही. लिबर ऑफिसमध्येही ऑप्शन्समध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करावं लागतं, तेव्हा दिशेची बटणं येतात. ज्याला हे माहीत आहे त्याला अडचण नाही. ज्याला माहीत नाही तो शोधणार कशाच्या आधारे? तो मजकूर नुसता उजवीकडे सरकवतो आणि काम झालं समजतो. पण उजवीकडे सरकवणं वेगळं आणि दिशा बदलणं वेगळं. उर्दू वाक्यात मध्येच एखादा मराठी शब्द आला (आम्हा द्विभाषिक शिक्षकांच्या प्रश्नपत्रिकेत तो येतोच) की वाक्याचे तुकडे उलटसुलट होतात. मग शिक्षक म्हणतो, "कॉम्प्युटरवर उर्दू नीट होत नाही, जनाब," आणि पेपर हातानं लिहितो. सोय असूनही भाषाच कमी पडते, असा समज पक्का होतो. माझा राग आहे तो इथे.

हा प्रयोग एकदा फसलेला आहे. ऑफिस 2000 मध्ये वारंवार न वापरलेल्या गोष्टी मेनूतून आपोआप लपायच्या, खालच्या दुहेरी बाणावर क्लिक केलं की पुन्हा दिसायच्या. रोज जागा बदलणारी यादी हाताला पाठ होणार कशी? 2007 च्या आवृत्तीत वर्ड-एक्सेलमधून ते मेनूच गेले आणि रिबन आली. उलट ॲपलची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की जे सध्या चालत नाही ते काढू नका, फिकं करून तिथेच ठेवा.

बरं, यात कष्टही वाचत नाहीत. क्यूटीसारख्या साधनात मेनू उघडण्याच्या क्षणी 'अबाउट टू शो' हा इशारा मिळतो. तिथे 'सेट व्हिजिबल' लिहून ओळ गायब करता येते आणि 'सेट इनेबल्ड' लिहून फिकी करता येते. दोन्हीला एकेकच ओळ लागते. म्हणजे लपवणं ही मजबुरी नाही, निवड आहे.

मेनू बदलूच नये असं माझं म्हणणं नाही. नुकत्याच उघडलेल्या फाइलींची यादी बदलायलाच हवी. 'अनडू'पुढे नेमकं काय मागे घेतलं जाणार ते लिहून येतं, तेही उत्तम. पण तिथे माहिती वाढते. भाषेच्या बाबतीत मात्र ती काढून घेतली जाते, आणि तीही ज्याला सर्वात जास्त गरज आहे त्याच्याकडून.

हे मित्र यावर म्हणतात, उर्दू लिहिणारे किती असे? पण दिशेचं बटण फक्त आम्हालाच लागतं थोडंच! अरबी, फारसी, हिब्रू, सिंधी, काश्मिरी, सगळ्यांनाच ते लागतं. तेव्हा ते फिकं का होईना, तिथेच राहू द्या. त्यावर माऊस नेला की एवढंच दिसू दे: 'हे वापरण्यासाठी सेटिंगमध्ये भाषा जोडा.'